शाई पेनात शिरते कशी, आणि नको तेव्हा बाहेर का येते

प्रश्न थोडक्यात असा आहे: कन्व्हर्टर, म्हणजे पेनात बसवायची दट्ट्याची सुटी शाई-नळी, कितीही नीट फिरवला तरी अर्धाच भरतो. दुसरं, ड्रॉपरने भरायचं पेन निम्मं रिकामं झालं की लिहिता लिहिता शाईचा थेंब टाकतं. मग आता पिस्टनचं किंवा व्हॅक्यूमचं पेन घ्यावं का, आणि या यंत्रणा आतून चालतात कशा?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे हवा. पेन शाई ओढतं असं आपण बोलताना म्हणतो, पण ओढणारं आत काहीच नसतं. यंत्रणा फक्त आतली हवा बाहेर घालवते किंवा आतली जागा वाढवते. त्यामुळे आतला दाब उतरतो आणि दौतीतल्या शाईवर बाहेरच्या हवेचा जो भार असतो, तो शाईला वर ढकलतो. पिस्टन, तरफ, रबरी पिशवी, व्हॅक्यूमचा दांडा हे सगळे त्या एकाच कामाचे निरनिराळे मार्ग आहेत.

लिहिताना याच्या उलट घडतं. शाई कागदावर गेली की टाकीत तेवढी जागा मोकळी होते, दाब किंचित उतरतो आणि शाई अडते. मग निबेखालच्या जिभेच्या, म्हणजे फीडच्या, खाचेतून हवेचा एक बारीक बुडबुडा वर चढतो, दाब सावरतो आणि पुढची शाई सुटते. ल्युइस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या जिभेचं पेटंट घेतलं, तिचं काम हेच: शाई जाईल तेवढीच हवा आत येऊ देणं. पाण्यात नळी बुडवून वरचं टोक बोटाने दाबून धरलं की पाणी नळीत टिकतं, बोट जरा सैल केलं की सुटतं. पेनाचं तसंच आहे. हवेला आत यायला जीभ हे एकच दार हवं. मागच्या वायसरमधून, सैल आट्यांमधून किंवा पिशवीच्या बारीक भोकातून हवा शिरली, तर ते वरचं बोट सैल झाल्यासारखं होतं. थेंब पडतो निबेतून, दोष असतो मागे. निब बदलून, जीभ घासून काही होत नाही ते यामुळे.

आधी कन्व्हर्टर. स्क्रूच्या कन्व्हर्टरमध्ये साधारण अर्धा ते एक मिली शाई मावते. तुम्ही दट्ट्या खाली नेला, निब बुडवली, दट्ट्या वर घेतला. आता जिभेच्या खाचा, तिच्या बाजूच्या पाकळ्या आणि कन्व्हर्टरच्या तोंडाजवळची पोकळी या सगळ्या जागा हवेने भरलेल्या होत्या. दट्ट्या वर येतो तेव्हा आधी ही हवा कन्व्हर्टरमध्ये येते, शाई तिच्या मागून. एका फेऱ्यात कन्व्हर्टर पूर्ण भरत नाही, यात पेनाचा दोष नाही.

उपाय सोपा आहे. पहिला फेरा झाला की पेन शाईतून काढा, निब वर करून उभं धरा आणि नळीवर नखाने दोन टिचक्या मारा, म्हणजे हवा जिभेकडे चढेल. आता निबेवर नजर ठेवून दट्ट्या सावकाश पुढे न्या. जिभेच्या तोंडाशी शाई चमकली की थांबा. हात तसाच ठेवून पेन उलटं करा, निब परत बुडवा आणि दट्ट्या पूर्ण मागे घ्या. आता जिभेत हवा नाही, शाईच आहे; त्यामुळे जेवढी जागा वाढते तेवढी सगळी शाईच आत येते. हे दोनदा केलं की कन्व्हर्टर जवळजवळ काठोकाठ भरतो.

बुडवण्याची खोली इथे फार महत्त्वाची आहे. निबेवरचं गोल भोक शाईखाली गेलं म्हणजे पुरे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. हवेची वाट जिभेच्या मुळाशी, सेक्शनच्या कडेला उघडी राहिली तर दट्ट्या तिथून हवाच घेतो. सेक्शनची, म्हणजे बोटं टेकतात त्या भागाची, पुढची कड दोन-तीन मिलिमीटर शाईत गेली पाहिजे. दौत तळाला आली असेल तर ती तिरकी करा, नाही तर सरळ सिरिंज वापरा. दट्ट्या वर घेतल्यावर दहा सेकंद निब शाईतच राहू द्या. दाब जुळायला तेवढा वेळ लागतो. घाईने काढलेलं पेन शेवटचा घोट हवेचा घेतं.

भरून झाल्यावर दोन-तीन थेंब दौतीत परत सोडा, मग निब वर करून दट्ट्या मागे घ्या. जीभ शाईने ओथंबलेली असते. हे केलं नाही तर पहिल्या दोन ओळी जाड आणि ओल्या उमटतात.

कन्व्हर्टरचं दुसरं दुखणं म्हणजे शाई मागच्या टोकाला चिकटून राहणं. पेन भरलेलं दिसतं आणि निब कोरडी पडते. नळी अरुंद असते, तिथे शाईचा पृष्ठताण तिच्या वजनाला जुमानत नाही, आणि हवेचा बुडबुडा मध्ये बुचासारखा बसतो. काही कन्व्हर्टरमध्ये बारीक गोळी किंवा स्प्रिंग असते ती हा बुडबुडा फोडायलाच. तुमच्यात नसेल तर आधी कन्व्हर्टर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि साध्या पाण्याने खळखळून काढा. नव्या कन्व्हर्टरच्या आत कारखान्यातलं तेल असतं, ते गेलं की बहुतेक वेळा शाई आपोआप खाली सरकते. शाईतच साबण घालायचा सल्ला मिळतो, तो मी देणार नाही. प्रमाण जरा चुकलं तर शाई कागदावर पसरते आणि मग ते पेन धुतल्याशिवाय सुटका नसते.

आता ड्रॉपरचं पेन. यात यंत्रणा नाहीच, सबंध बॅरल, म्हणजे पेनाचं मागचं पोकळ अंग, हीच टाकी. दोन ते चार मिली शाई मावते, आणि बिघडायला काही नसतं. थेंब का पडतो ते मात्र आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा टाकी ३ मिलीची आहे आणि निम्मी रिकामी, म्हणजे आत १.५ मिली हवा. टेबलावर पेन २५ अंशांवर होतं, हातात धरल्यावर आतली हवा ३५ अंशांपर्यंत गेली. एवढ्याने हवा सुमारे ३.४ टक्के फुगते, म्हणजे ०.०५ मिली. शाईचा एक थेंबही साधारण तेवढाच असतो. शिवाय ओल्या टाकीत गरमीने वाफेचाही दाब वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात ढकलली जाणारी शाई याहून जास्तच. तिला जायला वाट एकच: निब. जिभेच्या बाजूच्या पाकळ्या थोडी शाई सावरून धरतात, पण ड्रॉपरच्या अनेक जुन्या पेनांच्या जिभेवर पाकळ्या जवळजवळ नसतात.

तीच टाकी जवळजवळ भरलेली असेल तर आत हवा ०.३ मिली आणि फुगवटा ०.०१ मिली. तेवढी शाई जीभ सहज पोटात घेते. कन्व्हर्टरमध्ये हा त्रास का जाणवत नाही याचंही उत्तर इथेच आहे: ०.७ मिलीच्या कन्व्हर्टरमध्ये फुगायला हवाच किती असणार, आणि तो हातापासून बॅरलच्या भिंतीने आणि मधल्या हवेच्या थराने वेगळा झालेला असतो. जाड भिंतीचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन पातळ प्लॅस्टिकच्या पेनापेक्षा कमी थेंब टाकतं, कारण उष्णता आत पोचायला वेळ लागतो.

म्हणून ड्रॉपरच्या पेनाचा एकच खरा नियम: निम्म्यावर आलं की भरा, तिसऱ्या हिश्शाखाली जाऊ देऊ नका. लिहायला घेण्याआधी निब वर करून अर्धा-एक मिनिट मुठीत धरा. हवा गरम होईल आणि शाईला न ढकलता जिभेतून निघून जाईल. खिशात, पिशवीत पेन नेहमी निब वर.

आट्यांची गळती हा वेगळा विषय आहे. बोटं शाईने भरत असतील तर आट्यांना शुद्ध सिलिकॉन ग्रीस लावा. मागच्या दोन-तीन आट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस पुरतं. घट्ट बसवल्यावर बाहेर ओघळलेलं पुसून घ्या. निबेकडच्या टोकाला ग्रीस जाऊ देऊ नका. जिभेच्या खाचेत ते गेलं तर शाई त्या जागेवरून वाहत नाही आणि ते काढणं महाकठीण. पेट्रोलियम जेली अजिबात नको, ती रबराचे वायसर फुगवते आणि पातळ होऊन आत उतरते. कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईच्या तयार नळीच्या, पेनाचं ड्रॉपर-पेन करायचं असेल तर आधी बॅरलमध्ये पाणी भरून रात्रभर टीपकागदावर उभं ठेवा. बऱ्याच बॅरलच्या बुडाला बारीक भोक असतं. आत धातूची नळी किंवा धातूचे आटे असतील तर हा नाद सोडा, शाई धातू खाते.

विमानात मात्र कुठलंही अर्धं भरलेलं पेन अडचणीत येतं. केबिनचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश होतो, म्हणजे १.५ मिली हवा २ मिली व्हायला बघते. अर्धा मिली म्हणजे दहा थेंब. पेन काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि विमान चढत असताना निब वर ठेवा.

पिस्टनचं पेन म्हणजे मोठा कन्व्हर्टर, फरक एवढाच की बॅरल स्वतःच सिलिंडर असतो. थिओडोर कोव्हाच यांच्या रचनेवर पेलिकनने १९२९ साली हे पेन आणलं. त्यातली हुशारी आट्यांमध्ये आहे. मागची मूठ फिरते तेव्हा दोन वेगळ्या आट्यांची बेरीज होऊन दट्ट्या मुठीपेक्षा बराच जास्त सरकतो. त्यामुळे दोन-तीन वळशांत पूर्ण भरतं आणि मूठ फार बाहेर येत नाही. क्षमता बहुतेक १.२ ते २ मिली. भरण्याची रीत वर सांगितली तीच, हवा काढून दुसरा फेरा मारण्यासकट.

पिस्टन जड झाला की लोक जोर लावतात. तिथेच पेन मोडतं. जड होण्याची दोन कारणं असतात: वाळलेली शाई किंवा संपलेलं ग्रीस. आधी निब एक रात्र साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मग मूठ थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत सोडवा. मोकळी झाली तरी सरकताना अडखळत असेल तर ग्रीस हवं. निब आट्यांवर असेल तर ती उलट फिरवून काढा, दट्ट्या मागे न्या, काडीच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन बॅरलच्या आतल्या भिंतीवर मधोमध गोल फिरवा आणि दट्ट्या पाच-सहा वेळा पुढेमागे करा. मागून यंत्रणा काढायची तर आधी ती आट्यांची आहे की दाबून बसवलेली, याची खात्री करा. एकाच कंपनीच्या लहानमोठ्या पेनांत दोन्ही प्रकार सापडतात. दाबून बसवलेली फिरवून काढायला गेलात तर बॅरलला तडा जातो.

दट्ट्याच्या मागे शाई दिसू लागली तर वायसर झिजला आहे. सुरुवातीला ग्रीसने भागतं. महिन्याभरात परत दिसली तर वायसर बदला, ग्रीस वाढवत बसू नका.

व्हॅक्यूमचं पेन मात्र समजून घेण्यात खरी गंमत आहे, कारण ते बघताना उलटं वाटतं. दांडा आत दाबायचा आणि शाई भरते. डे ला रू कंपनीने १९०५ साली ओनोटो पेनात हे आणलं, आज पायलटचं कस्टम ८२३ त्याच तत्त्वावर चालतं. दांड्याच्या टोकाला लवचिक वायसर असतो. मूठ उघडून दांडा मागे ओढला की वायसर दुमडून हवेला बाजूने जाऊ देतो. आता दांडा पुढे दाबला की वायसर भिंतीला घट्ट बसतो आणि त्याच्या मागे पोकळी वाढत जाते. पुढची हवा जिभेतून बुडबुड्यांनी बाहेर पडते. बॅरलच्या तळाशी भोवतालची नळी अचानक रुंद होते. वायसर तिथे पोचला की भिंत सुटते, मागची पोकळी उघडी पडते आणि क्षणात शाई उसळून आत येते. पारदर्शक पेनात हे बघा. दांडा तळाला टेकेपर्यंत आत एक थेंब नसतो, आणि मग टाकी एकदम गढूळ होऊन भरते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, दांडा सरळ, न थांबता, एका दमात दाबायचा. मध्ये रेंगाळलात तर वायसरच्या कडेने हवा झिरपते आणि पोकळी कमजोर होते. दोन, तळाला पोचल्यावर निब शाईतच ठेवून दहा सेकंद थांबायचं. एका फेऱ्यात टाकी साधारण दोन तृतीयांश भरते, कारण पोकळी कधीच पूर्ण नसते आणि जिभेतली हवाही आत येते. पूर्ण भरायची तर निब वर धरून दांडा मागे घ्या, सावकाश दाबत हवा बाहेर घालवा, शाई तोंडाशी आली की निब बुडवून उरलेला दाब द्या.

वायसर चांगला आहे का हे कोरड्या पेनात कळतं. दांडा मागे ओढा, निम्म्यापर्यंत दाबा आणि सोडा. पोकळी धरत असेल तर दांडा आपोआप मागे सरकतो. तो जागच्या जागी राहिला तर कुठेतरी हवा शिरते आहे. दांड्यावर मुठीपाशी शाई लागलेली असेल तर दोष मागच्या वायसरचा, दांडा कोरडा असेल तर पुढच्याचा.

आजच्या बऱ्याच व्हॅक्यूमच्या पेनांत मूठ घट्ट बंद केली की दांड्याचं टोक जिभेच्या मागचं तोंड झडपेसारखं बंद करतं. प्रवासाला याच्याइतकं निर्धास्त पेन नाही. त्याची किंमत म्हणजे दीड-दोन पानं लिहिल्यावर निब कोरडी पडते. पेन बिघडलं असं समजून लोक दुरुस्तीला देतात. लांब लिहायचं असेल तर मूठ दोन-तीन मिलिमीटर सैल करून लिहा, एवढंच.

पिशवीची पेनं आता जुन्या बाजारातच जास्त. वॉल्टर शेफर यांचं तरफेचं पेटंट १९०८ सालचं. तरफ उचलली की आतली पोलादी पट्टी रबरी पिशवी चपटी करते, तरफ मिटली की पिशवी फुगते आणि शाई येते. तरफ पुनःपुन्हा उचलून फायदा नाही. निब बुडवलेली असताना दुसऱ्या वेळी बहुतेक आत आलेली शाईच बाहेर जाते.

पार्करच्या १९३३च्या व्हॅक्युमॅटिकमध्ये आणि १९४८पासूनच्या एरोमेट्रिकमध्ये मात्र दर दाबागणिक शाई वाढते. फरक एका बारीक नळीचा आहे. ती जिभेपासून टाकीच्या वरच्या टोकापर्यंत जाते. पेन निब खाली करून धरलं की नळीचं वरचं तोंड शाईच्या वर, हवेत असतं. दाबलं की हवाच बाहेर जाते, सोडलं की नळीतून आलेली शाई टाकीत सांडते. व्हॅक्युमॅटिकला आठ-दहा दाब लागतात, एरोमेट्रिकला पाच-सहा, प्रत्येक दाबानंतर दोन-तीन सेकंद थांबून. असं पेन थोडंच भरत असेल आणि दाबताना बुडबुडे लवकर थांबत असतील, तर ती नळी तुटली आहे किंवा तुंबली आहे असं समजा.

रबरी पिशवी बदलणं घरी जमतं. मापं इंचाच्या ६४व्या भागात असतात: १६ नंबर म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. पिशवी बॅरलच्या आत मोकळी सरकली पाहिजे, पट्टीला आणि भिंतीला घासता कामा नये. लांबी बॅरलच्या पोकळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी कापा. सेक्शनच्या मुळावर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या द्रावणाचा, पातळ हात द्या, पिशवी चढवा, रात्रभर वाळू द्या, वरून शुद्ध टाल्कची पूड चोळा. सुपरग्लू वापरू नका. पुढच्या वेळी पिशवी काढताना मूळच तुटेल. जुन्या पेनाची तरफ हलत नसेल तर हलवू नका: आत पिशवी दगड झालेली असते. आधी सेक्शन कोरड्या, मंद उष्णतेने सैल करून काढा. उघडी ज्योत कधीही नाही, जुन्या पेनांचं सेल्युलॉइड नावाचं प्लॅस्टिक भडकन पेटतं. एबोनाइट पाण्यात भिजत ठेवू नका, काळा रंग करपट तपकिरी होतो.

शेफरच्या १९४९च्या टचडाउनमध्ये पिशवी हवेच्याच दाबाने चपटी होते. नळी बाहेर काढून झटक्यात दाबली की आत दबलेली हवा पिशवीला चेपते, शेवटी खाचेतून ती हवा निसटते आणि पिशवी फुगते. १९५२च्या स्नॉर्केलने त्यात एक बारीक नळी बाहेर काढली, निब बुडवावी लागत नाही. वाचायला मजेदार, दुरुस्तीला कटकटीचं.

शाईबाबत एकच गोष्ट. चित्रकलेची शेलॅकवाली काळी शाई यांतल्या कुठल्याही पेनात घालू नका. पिगमेंटच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, शाया कन्व्हर्टरमध्ये किंवा ज्याची निब सहज निघते अशा पेनातच. व्हॅक्यूमच्या पेनात दांड्याच्या मागे पोचायला वाट नसते, तिथे वाळलेलं पिगमेंट तसंच राहतं.

तुम्ही विचारलंत की नवीन पेन घ्यावं का. शाई वारंवार बदलत असाल तर कन्व्हर्टरसारखं सोयीचं काही नाही. एकाच शाईने रोज पानंच्या पानं लिहीत असाल तर पिस्टन घ्या. प्रवास जास्त असेल तर झडपेचं व्हॅक्यूम. पण त्याआधी आहेत त्या दोन पेनांवर एवढं करून पाहा. कन्व्हर्टर साबणाच्या पाण्याने धुऊन दोन फेऱ्यांत भरा. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ते निम्म्यावर भरत जा. भरलेलं असतानाही कुणी थेंब टाकलाच, तर ते पाण्याने भरा, निब खाली करून रिकाम्या ग्लासावर तासभर धरून ठेवा. कन्व्हर्टरच्या तोंडाशी किंवा आट्यांपाशी हवेचा बुडबुडा वर चढताना दिसला, की हवा कुठून शिरते ते सापडलं. कन्व्हर्टरचं तोंड सैल झालेलं असेल तर तो टाकून नवा घ्या, ते परत आवळत नाही.